वेगळा ग्लास : आग्रा रोडवरची एचआयव्हीची गोष्ट

खान्देशातल्या रस्त्यांवरच्या मालिकेतला हा पुढचा भाग. नेहमीसारखंच रेकॉर्डिंग थोडं साफसूफ करून इथे लिहून ठेवतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा घरात सगळ्यांसमोर हा विषय स्पीकरवर लावायची चोरी वाटते, त्यांनी निवांत वाचावं. चोरी वाटणं हाच खरंतर आजचा विषय आहे.

सोनगीर ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी : धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. डोक्यावर किल्ला, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं, आणि शेजारून मुंबई-आग्रा महामार्ग. कागदावर आता तो ५२ नंबरचा झालाय, पण आमच्याकडे अजून 'तीन नंबर' किंवा 'आग्रा रोड'च म्हणतात. धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात, आणि वर सोलापूरकडून येणारा तिसरा येऊन मिळतो. म्हणजे मुंबईहून इंदूरला, सुरतेहून नागपूरला, दक्षिणेतून वर, काहीही जायचं असलं तरी गाडी आमच्या अंगणातून जाणार. त्यामुळे गावात शेती, भांडी आणि 'लाइनवर असणं' हे तीन धंदे. लाइनवर म्हणजे ट्रकवर.

आमच्या गल्लीत एक ड्रायव्हर राहायचे. आम्ही पोरं त्यांना नाना म्हणायचो. खेप करून आले की इंदूरचं नमकीन आणायचे. मी पाच-सहा वर्षांचा असेन, तेव्हा एकदा त्यांच्या घरी पाणी मागितलं. काकूंनी पितळी तांब्यातून ओतून दिलं. नाना शेजारी खाटेवर पडलेले होते, त्यांच्यासाठी मात्र प्लास्टिकचा एक वेगळा ग्लास होता, खिळ्याला दोरीने बांधलेला. घरी येऊन विचारलं तर आजीने आवाज खाली करून सांगितलं, "त्याले मोठा आजार शे." तांबटांच्या गावात एका माणसाला प्लास्टिकचा ग्लास. ते चित्र डोक्यातून गेलेलं नाही. नाना २००३च्या पावसाळ्यात गेले.

हे सगळं काकूंना विचारून सांगतोय. त्यांनी परवानगी दिली, एक-दोन तपशील मी मुद्दाम बदललेत. हे का करावं लागतं ते पुढे येईलच.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत १९८१ साली तरुण पुरुषांमध्ये विचित्र न्यूमोनिया दिसायला लागला. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतानिये यांनी विषाणू वेगळा केला, १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली. तेव्हा भारतातल्या अनेक मोठ्या लोकांचं मत असं होतं की हे पाश्चात्त्यांचं दुखणं, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांनी निर्मला नावाच्या आपल्या विद्यार्थिनीला शरीरविक्रय करणाऱ्या बायकांचे रक्तनमुने तपासायला सांगितलं. निर्मलाबाईंनी ते चक्क घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि मग वेल्लोरला नेऊन तपासले. त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. सोलोमन या पूर्वाश्रमीच्या गायतोंडे, मराठी घरातल्या, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

कुटुंबव्यवस्थेचा मुद्दा तिथेच संपायला हवा होता. संपला नाही.

कारण पुढचा प्रसंग गोव्यातला आहे. डॉमिनिक डिसूझा नावाचा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. आता कुणीही म्हणेल, डॉक्टरने बोलावून समजावून सांगितलं असेल. नाही. १४ फेब्रुवारी १९८९ ला त्याला पोलिसांमार्फत ताब्यात घेतलं गेलं आणि क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या, वापरात नसलेल्या एका जागेत पहाऱ्यात ठेवलं. चौसष्ट दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच करून ठेवलेली होती. त्याच्या आईने, लुसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली नाही. समाजाच्या हितासाठी एका माणसाला वेगळं ठेवता येतं, असा एकूण सूर होता. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. जाण्यापूर्वी त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी करायचं काम हातात घेतलं होतं. 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा बघितला असेल तर त्यामागे हीच कहाणी आहे.

म्हणजे बघा, चौदा वर्षांनी आमच्या गल्लीत जो वेगळा ग्लास टांगलेला होता, तो काही काकूंच्या अडाणीपणातून आलेला नव्हता. सरकारने १९८९ मध्ये अख्ख्या माणसालाच वेगळं टांगलं होतं.

गंमत, म्हणजे वाईट अर्थाने गंमत, अशी की ग्लासाचा प्रश्नच नव्हता हे तेव्हाही माहीत होतं. एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला स्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून. म्हणजे निरोध न वापरता झालेला संबंध, दूषित सुई, तपासणी न केलेलं रक्त, आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला. थुंकी, घाम, डास, संडास, उष्टं पाणी, हातात हात, यातून नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही. नानांच्या ग्लासातून मी रोज पाणी प्यायलो असतो तरी मला काही झालं नसतं.

मग ट्रकवाल्यांचं काय? ह्यावर मला जरा थांबायचंय, कारण 'ड्रायव्हर म्हणजे एड्स' हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलं की नव्वदच्या दशकातल्या भिंतीवरच्या जाहिरातींत ट्रकचं चित्र हमखास असायचं. हायवेवर जास्त संसर्ग सापडला हे खरं. त्यासाठी १९९६ पासून 'हेल्दी हायवे' नावाचा कार्यक्रम चालला, नंतर ट्रान्सपोर्ट नगरांमध्ये ड्रायव्हरांसाठी दवाखाने निघाले. पण रस्त्यावर विषाणू पडलेला नसतो. नाना घरून निघाले की भिवंडीत माल भरायला दोन दिवस, हाडाखेडच्या नाक्यावर रांग, बिजासनचा घाट, पुढे इंदूरला रिटर्न भाडं मिळेपर्यंत गाडीखाली झोपून तीन-चार दिवस. महिन्यातून चार रात्री घरी. ज्या धंद्यात माणूस घरापासून इतका लांब आणि इतका वेळ नुसता थांबलेला असतो, तिथे हे होतं. सुरतेला मिलमध्ये गेलेल्या पोरांचं, खाणीतल्या मजुरांचं, फौजेतल्या जवानांचं तेच. ड्रायव्हरचं चारित्र्य हा विषय मधे आणला की भाड्याची वाट बघण्याचे ते चार दिवस कुणाला दिसतच नाहीत.

आणि रक्ताची बाटलीही विसरू नका. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दाते होते. १९८९ पासून रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली, पण ती सगळीकडे नीट पोचायला वेळ गेला. 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि १९९८ च्या सुरुवातीपासून रक्त विकणं बंद झालं. त्याआधी अपघातात रक्त चढवलेल्या किती ड्रायव्हरांना त्या बाटलीतून मिळालं असेल, हे कोण मोजणार?

मोजण्यावरून आठवलं. मी डेटावर काम करणारा माणूस, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात आवडतो. २००६ पर्यंत सरकारी अंदाज असा होता की भारतात ५२ लाख लोकांना एचआयव्ही आहे. २००७ मध्ये हा आकडा एकदम पंचवीस लाखांवर आला. निम्मे माणसं बरी झाली का? नाही. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत येणारे रुग्ण यांच्या नमुन्यांवरून बांधलेला होता. टोलनाक्यावर उभं राहून 'गावात ट्रक किती' हे मोजल्यासारखं. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घरोघर जाऊन एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघालं ०.२८ टक्के, महाराष्ट्रात ०.६२. तेव्हा नवा हिशेब मांडला गेला. आजचा अंदाजही पंचवीस लाखांच्याच आसपास आहे, त्यातले चारेक लाख महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक. पण आता त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. नवी लागण खूप कमी झालीय, आणि ज्यांना झालीय ते जगतायत, म्हणून बेरीज मोठी दिसते.

ते जगतायत ते का, ही या भागातली मुख्य गोष्ट.

हा विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःचा कोड आपल्या डीएनएत चिकटवून टाकतो. एकदा चिकटला की काढता येत नाही, निदान आजपर्यंतच्या नेहमीच्या औषधांनी तरी नाही. पण त्याच्या नव्या कॉपी बनणं थांबवता येतं. १९८७ मध्ये एझेडटी हे पहिलं औषध आलं. एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांत चकवायचा. १९९६ मध्ये कळलं की तीन औषधं एकदम दिली तर त्याला एकाच वेळी तीन कुलुपं उघडता येत नाहीत. अमेरिकेतले मरणपंथाला लागलेले लोक उठून कामाला जायला लागले. फक्त खर्च होता माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर.

इथे मुंबईची सिप्ला येते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूवर नव्हे तर बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळायचं. म्हणजे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक. युसूफ हमीद यांच्या सिप्लाने तीन औषधं एकत्र आणली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केलं की 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला ती वर्षाला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरहून कमी. सगळ्या जगाच्या औषध कंपन्यांचे दर त्यानंतर कोसळले. आफ्रिकेत लाखो माणसं जगली, त्याची सुरुवात या आकड्यापासून झाली.

आता तेव्हाच्या भावाने ३५० डॉलर म्हणजे सोळा हजार रुपयांच्या घरात. २००१ मध्ये सोनगीरच्या ड्रायव्हरच्या घरात वर्षाला सोळा हजार, जन्मभर? गोळी आपल्याच राज्यातल्या कंपनीची, आमच्याच रस्त्यावरून कधीतरी खोक्यांत भरून गेली असेल, आणि नाना खाटेवर. सरकारने मोफत औषधाची घोषणा केली ती २००३ च्या जागतिक एड्स दिनाच्या तोंडावर, म्हणजे नाना गेल्यावर काही महिन्यांनी. प्रत्यक्ष वाटप १ एप्रिल २००४ ला सुरू झालं, सहा राज्यांत मिळून आठ केंद्रांवर, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. सोनगीरहून साडेतीनशे किलोमीटर.

ह्या तारखा मी पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिल्या तेव्हा कॉलेजात होतो. त्या रात्री अभ्यास झाला नाही.

काकूंचीही तपासणी झाली होती. पॉझिटिव्ह. एका खासगी दवाखान्यात दात काढायला गेल्या, खरं सांगितलं, तर त्यांना परत पाठवलं गेलं. तेव्हापासून त्यांनी कुठेच काही सांगितलं नाही. मोफत औषध सुरू झाल्यावरही त्यांना लगेच मिळालं नाही, कारण तेव्हाचा नियम होता की सीडी-४ पेशी साधारण २०० च्या खाली गेल्या की औषध. त्यांच्या जास्त होत्या. म्हणजे 'अजून पुरेशा आजारी नाहीत, वाट बघा.' पुढे नंबर खाली आला, गोळी सुरू झाली, त्या जुन्या गोळीने तळपायाला मुंग्या यायच्या आणि गाल बसायचे. ही त्या काळच्या स्टॅवुडिन नावाच्या औषधाची ओळखीची तक्रार. नंतर ते बंद झालं. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर अशी दिवसाला एकच गोळी असते. आणि २०१७ पासून नंबरची वाट बघायची नाही, पॉझिटिव्ह आला की औषध.

तो नियम का बदलला, त्यात पुण्याचा वाटा आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेसह नऊ देशांतल्या केंद्रांवर एक चाचणी झाली. १,७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. निम्म्यांना औषध लगेच, निम्म्यांना उशिरा. २०११ मध्ये निकाल आला : जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ प्रकरणं, त्यातली २७ उशिरा औषध दिलेल्या गटात आणि फक्त एक लगेच दिलेल्या गटात. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. जोखीम कमी होते असं नाही, होतच नाही. आईने वेळेत औषध घेतलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाणही पाच टक्क्यांच्या खाली येतं, औषधाविना ते १५ ते ४५ टक्के असतं.

ही बातमी आमच्या गावात अजून पोचलेली नाही, असं मी जबाबदारीने म्हणतो. ग्लासाची बातमी मात्र एका दिवसात पोचली होती.

चाचणीबद्दल मला इनबॉक्समध्ये सर्वांत जास्त विचारतात, म्हणून सविस्तर. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आयसीटीसी म्हणतात, ती मोफत होते. बोटातून किंवा शिरेतून थोडं रक्त, पंधरा-वीस मिनिटं. पहिली टेस्ट रिअॅक्टिव्ह आली म्हणजे एचआयव्ही झाला, असं नाही. समजा आमच्यासारख्या भागातून हजार माणसं तपासली, त्यांत खरोखर लागण झालेले दोन. आणि किट इतकं चांगलं की लागण नसलेल्या शंभरात साडेनव्व्याण्णव जणांना बरोबर ओळखतं. तरी हजारात पाच जण खोटे पॉझिटिव्ह दिसणार. म्हणजे सात लाल रेघांतल्या पाच चुकीच्या! म्हणून वेगवेगळ्या पद्धतीची तीन किटं एकामागून एक वापरतात, आणि तिन्ही जुळली तरच 'पॉझिटिव्ह' म्हणतात. बाहेरच्या लॅबमध्ये एकाच टेस्टवर चिठ्ठी हातात पडली असेल तर धीर धरा, सरकारी केंद्रात जाऊन पूर्ण तपासणी करा. उलटं पण आहे : लागण झाल्यावर अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, तो विंडो पिरियड. काल काही घडलं आणि आज टेस्ट निगेटिव्ह, यावर भरवसा ठेवायचा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. पण काल काही घडलं असेल, निरोध फाटला, सुई टोचली, बळजबरी झाली, तर थांबायचंही नाही. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. सिव्हिलला जाऊन 'पीईपी' हा शब्द सांगा. १०९७ हा नंबर मोफत आहे, सगळं विचारता येतं.

गरोदर बाईची टेस्ट पहिल्याच तपासणीत होते. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचा एक परिणाम बोलला जात नाही. नवरा कधी तपासलेला नसतो, म्हणून घरात पहिली पॉझिटिव्ह चिठ्ठी येते सुनेची. मग 'हिनेच आणला' म्हणून तिला माहेरी पाठवायचं. चिठ्ठीवर फक्त तारीख कुणाची आधी आहे ते दिसतं, लागण कुणाची आधी ते नाही. एवढं लॉजिक एखाद्या सासऱ्याला समजावून सांगायला इंजिनीअर लागत नाही, पण सांगणारं कुणी लागतं.

डॉमिनिकच्या अटकेपासून कायदाही बदलला. मुंबई उच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये एका कामगाराच्या बाजूने निकाल दिला की काम करण्याइतका तंदुरुस्त असेल तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. तो खटला टोपण अक्षरांनी चालला, नाव गुप्त ठेवायची मुभा मिळाली. आणि २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे : संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, उपचार नाकारायचे नाहीत. मी काकूंना आधी का विचारलं ते आता लक्षात आलं असेल. कायदा नसता तरी विचारलं असतं, पण कायदा आहे हे त्यांना सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. दाताची गोष्ट त्यांना आठवली असणार.

तरी आमच्याकडचे लोक अजून टेस्टसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जातात. धुळ्याच्या हिरे मेडिकलला एआरटी केंद्र आहे, पण तिथे 'कुणी आपल्याकडचं' भेटेल म्हणून शिरपूरचा माणूस जळगावला, जळगावचा धुळ्याला. एसटीत दोघं एकमेकांना ओलांडत असतील.

काकू मात्र धुळ्यालाच जातात. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाल्या, पहिल्यांदा तोंडावर पदर घेऊन गेले होते, तर आत आमच्या गावच्या तिघी बसलेल्या. चौघींनी एकमेकींकडे बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही. आता चौघी एकाच एसटीने जातात. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, वर्षातून एकदा व्हायरल लोड होतो, काकूंचा कित्येक वर्षं दिसत नाही. पाचकंदील भागात भाजी घेतात आणि दुपारच्या गाडीने परत.

मागच्या आठवड्यात हा भाग वाचून दाखवायला त्यांच्याकडे गेलो होतो. पाणी दिलं, पितळी तांब्यातून. स्वतःही त्यातूनच प्यायल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "थांब, माझी गोळीची वेळ झाली."